आधी दोन पावलं पुढे, मग लेन्स

पत्र असं आहे:

"नमस्कार. मी चोवीस वर्षांची आहे. बी.कॉम. झाल्यावर सोलापुरातच एका सीएच्या ऑफिसात काम करते. दोन वर्षांपूर्वी ओळखीच्या स्टुडिओवाल्यांकडून जुना डीएसएलआर घेतला, सोबत १८-५५ ची लेन्स. रविवारी पहाटे उठून सिद्धेश्वर तळ्यावर, किल्ल्याकडे, कंबर तलावावर जाते. फोटो छान येतात असं सगळे म्हणतात, लाइक्सही पडतात. पण परवा इन्स्टाग्रामवर माझा मंदिराचा फोटो शोधताना दुसऱ्याच कुणाचा तरी उघडला आणि तो माझा नाही हे मला बराच वेळ कळलंच नाही. तेव्हापासून कॅमेरा हातात घ्यावासा वाटत नाही.

मला माणसांचे फोटो काढायचे आहेत, पण समोर जाऊन कॅमेरा लावायचं धाडस होत नाही. म्हणून ७०-३०० लेन्ससाठी पैसे साठवतेय, म्हणजे लांबून, कळू न देता काढता येतील. घ्यावी का? की पुण्याला जाऊन कोर्स करावा? इथे सोलापुरात काढण्यासारखं आहे तरी काय? बाबा पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर आहेत, आई घरी विड्या वळते, त्यामुळे खर्च विचार करूनच करावा लागतो. आईचा एकदा विड्या वळताना फोटो काढायला गेले तर 'हे काय दाखवायचं लोकांना' म्हणून रागावली. एक हौशी, पूर्व भाग."

लेन्सचं आधी सांगून टाकतो, कारण पैसे जमले की माणूस सल्ला ऐकायच्या मनःस्थितीत नसतो. या कामासाठी ७०-३०० घेऊ नका (हे आकडे मिलिमीटरचे; आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं). नान्नजच्या माळावर काळवीट टिपायचे असते तर मीच म्हणालो असतो, घ्या. तिथे जनावराला उठवायचं नसतं, लांबूनच काढायला हवं, आणि कधी कधी तीनशेसुद्धा तोकडी पडते. तुम्हाला मात्र माणसं हवी आहेत.

तुम्ही आकडेमोडीतल्या, म्हणून हिशेबच मांडतो. तुमच्या कॅमेऱ्यावर ३०० लावली आणि कॅमेरा उभा धरला, तरी सव्वापाच फूट उंचीचं माणूस डोक्यापासून पायापर्यंत मावायला वीसेक मीटर मागे जावं लागेल. पूर्व भागातल्या कुठल्या गल्लीत एवढी जागा मोकळी मिळते? मध्ये दोन स्कूटी, पाण्याचा ड्रम, शाळेतून येणारी पोरं आणि "काय चाललंय गं?" विचारणारी एखादी अक्का येणारच. शिवाय या जातीच्या बहुतेक लेन्स ३०० वर एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाहीत (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक मोठं). एवढ्या लांबीला हात हलल्याचं दिसू नये म्हणून शटर १/५०० सेकंदाच्या आसपास हवा. घरात, बोळात, दिवेलागणीला तेवढा उजेड नसतो. मग आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, चढवावा लागतो आणि चेहरा रवाळ होतो.

आणि समजा उजेड आहे, जागाही आहे, तरी चोरून काढलेल्या फोटोत चोरी दिसते. माणूस भलतीकडे बघत असतो, मागचं सगळं चपटं होऊन त्याच्या पाठीला चिकटलेलं असतं, आणि बघणाऱ्याला आपण कुणाच्या तरी खिडकीतून डोकावतोय असं वाटतं. स्पष्टच बोलतो, तुम्ही पैसे साठवताय ते आडोशासाठी. आडोसा मिळाला की धाडसाची गरज उरत नाही, आणि मग तुमचे माणसांचे फोटोही तळ्याच्या फोटोंसारखेच होतील, छान आणि कुणाचेही.

काही घ्यायचंच असेल तर सहा महिन्यांनी जुनी ५० एमएम एफ/१.८ बघा. एफ/५.६ च्या तुलनेत ती जवळजवळ दहापट उजेड आत घेते, आणि तिच्यात झूम नसल्यामुळे पाय हलवावे लागतात. तोवर १८-५५ पुरे. ती ३५ च्या आसपास ठेवा आणि झूमची कडी विसरून जा.

आता धाडसाचं. "बिनधास्त जा, लोक काही म्हणत नाहीत" असलं काही मी सांगणार नाही. लोक म्हणतात. काही हाकलतातही. पण विचारून काढण्याची एक रीत आहे आणि ती शिकता येते. रस्त्याने भराभर जाणाऱ्याला थांबवू नका. ज्याचे हात कामात आहेत आणि जो तिथून तासभर हलणार नाही अशा माणसाकडे जा: इस्त्रीवाला, सायकल दुरुस्त करणारा, कडक भाकऱ्या थापणाऱ्या मावशी. कॅमेरा पिशवीत लपवून नेऊ नका, पहिल्यापासून हातात दिसू दे. सरळ विचारा. तुम्ही विचारलंत की माणूस कॉलर नीट करतो, ताठ उभा राहतो, चेहरा आधार कार्डासारखा करतो. तो फोटो काढाच. त्याला तोच हवा असतो आणि तो त्याचा हक्क आहे. स्क्रीनवर दाखवा, दोन शब्द बोला, आणि तिथून निघू नका. पाच-दहा मिनिटांत तो पुन्हा कामाला लागतो, तुम्ही तिथे असल्याची सवय होते, आणि तुमचं काम तेव्हा सुरू होतं. बहुतेक हौशी लोक नेमके त्याआधीच "थँक्यू काका" म्हणून निघून जातात.

पुढच्या रविवारी त्या ताठ फोटोची प्रिंट नेऊन द्या. चार बाय सहाची प्रिंट फार महाग नसते, पण तिने जे दार उघडतं ते कुठल्याच लेन्सने उघडत नाही. तिसऱ्या रविवारी शेजारचा दुकानदार विचारेल, "आमचा कधी?" शिवाय तुमच्याकडे अशी एक गोष्ट आहे जी पुण्या-मुंबईहून गळ्यात दोन-दोन कॅमेरे अडकवून येणाऱ्यांकडे नसते. पूर्व भागात वाढलेल्या मुलीला मराठी येतं, तेलुगू कानावर असतं, बाजारापुरतं कानडी आणि दखनीही जमतं. साखर पेठेतल्या आजोबांना त्यांच्या भाषेत हाक मारून बघा, चेहऱ्यात काय फरक पडतो ते.

बाई माणसाने गर्दीत कॅमेरा घेऊन जावं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण ओळींच्या मधून मला ते वाचता आलं. होमाई व्यारावाला हे नाव शोधा आणि त्यांचे फोटो निवांत बघा. जन्म १९१३ चा, नवसारीचा. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांना ओळखतात, आणि २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. साडी नेसून, स्पीड ग्राफिक आणि रोलायफ्लेक्ससारखे कॅमेरे घेऊन दिल्लीतल्या पुरुषांच्या गर्दीत त्या काम करत. रोलायफ्लेक्सची फोटो टिपणारी लेन्स एकच, बदलता न येणारी, आणि लांब पल्ल्याची तर अजिबात नाही. नेहरूंचा फोटो हवा तर नेहरूंच्या जवळ जावंच लागायचं. त्यांच्या फोटोंत माणसं किती अंतरावर आहेत, एवढंच एकदा मोजत बसा.

"सोलापुरात काढण्यासारखं आहे तरी काय?" या वाक्यावर मी जरा रागावलोय. ज्या पत्रात हा प्रश्न आहे त्याच पत्रात, दोन ओळी खाली, खर्चाचं कारण म्हणून बाबांचा कारखाना आणि आईच्या विड्या येतात. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तिचे फोटो घडी घालून, उलगडून, दुकानात टांगून हजारोंनी निघालेत. ती विणणारा माग बंद पडल्यावर ज्याला हाक जाते, त्या जॉबरचे फोटो कितीसे आहेत? तुम्ही त्याच्या घरात राहता.

बाबांना सांगा, कारखानदारांची परवानगी काढून ठेवा. मग जा, आणि पहिल्या दिवशी कॅमेरा काढू नका. बघा. मागांच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून तिथे माणसं हातांनी, भुवयांनी, मानेने बोलतात. फोटोवाल्याला याहून काय हवं? जकार्डच्या मागावर डोक्याच्या वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. त्या भोकांत चादरीवरचं नक्षीचं फूल दडलेलं असतं. कांड्या भरणाऱ्या बायका बहुधा एका कडेला असतात. दार एखादंच, त्यातून आत आलेला पांढरा उजेड, आणि बाकी ट्यूबलाइट.

या ट्यूबलाइटशी तुमची पहिली मारामारी होणार आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली जुनी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. स्वस्तातले एलईडी दिवेही पुष्कळदा तसेच. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. १/५०० वर पाच फोटो काढलेत तर एक काळपट, एक हिरवट, एकावर पट्टा असं होईल आणि तुम्हाला वाटेल कॅमेरा बिघडला. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, म्हणजे दिव्याची लुकलुक पुरी मोजली जाते आणि फोटो एकसारखे येतात. आयएसओ १६०० ते ३२०० लागला तरी घाबरू नका, प्रिंटमध्ये तो रवा फारसा जाणवत नाही. रंगांची हिरवट झाक घालवायला तुमच्या कॅमेऱ्यात कस्टम व्हाइट बॅलन्स असतो. त्यासाठी त्याच दिव्याखाली एखाद्या पांढऱ्या वस्तूचा फोटो घ्यावा लागतो, आणि टॉवेलच्या गावात पांढरं कापड शोधायची वेळ येणार नाही.

धोटा, म्हणजे मागात आडवं सूत घेऊन इकडून तिकडे पळणारा तुकडा, गोठवायच्या मागे लागू नका. गोठलेला धोटा बंद मागासारखा दिसतो. खांबाला किंवा भिंतीला टेकून, श्वास रोखून १/२५ वर काढा. धोट्याची रेघ होते, फण्या पुसट होतात आणि मागाला टेकलेला न हलणारा माणूस मात्र स्वच्छ राहतो. दहातले आठ फोटो वाया जातील, जाऊ देत. दार चौकटीत आलं तर उजेड दाराचा मोजा आणि आतला अंधार अंधारच ठेवा. सगळंच उजळवायच्या नादात दाराचं पांढरं भगदाड होतं.

आणि हे नीट वाचा. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात लोंबता ठेवू नका, मनगटाला गुंडाळा. ओढणी घरी ठेवा, वेणी खोचा. चालू मागाला कपडा आणि पट्टा यांतला फरक कळत नाही. हवेत सुताची तूस उडत असते, तेव्हा लेन्स तिथे बदलायची नाही, कितीही मोह झाला तरी. बाहेर आल्यावर रबरी ब्लोअरने धूळ उडवा. तोंडाने फुंकर मारलीत तर थुंकीचे शिंतोडे काचेवर बसतात.

आईचं प्रकरण जास्त नाजूक आहे. तिचा राग बरोबर आहे असं मला वाटतं. तुम्ही ज्या क्षणी कॅमेरा काढलात त्या क्षणी तिला तुमच्यामागे उभे असलेले सगळे अनोळखी लोक दिसले. हजार विड्यांच्या हिशेबावर घर चालवणारी बाई आपलं काम लपवत नाही, गल्लीत सगळ्यांना ते ठाऊक असतं. पण आपलं सूप, आपली जुनी साडी, मागचा विस्कटलेला पसारा कुणी कधी बघावा हे ठरवायचा अधिकार तिचा. मुलगी असल्याने तो अधिकार आपोआप तुमच्याकडे येत नाही.

म्हणून आधी तिला हवा तो फोटो काढा. चांगली साडी, हवं तर बाबा शेजारी, उजेड दारातला. तिला दाराच्या आत हातभरावर बसवा, चेहरा दाराकडे, आणि तुम्ही दाराच्या एका अंगाला राहा. अशा उजेडात कुणाचाही चेहरा खुलतो, स्टुडिओतल्या पांढऱ्या छत्रीला लाजवेल असा. मोठी प्रिंट काढून फ्रेम करून द्या. भिंतीवर लागू दे, शेजारणी बघू देत. मग कधीतरी, ती आणि आणखी दोघी-तिघी दुपारी पानं कापत बसल्या असताना विचारा. कदाचित हो म्हणेल. नाही म्हणाली तर नाही. तेव्हा तिच्या परवानगीने फक्त हात काढा: पत्र्याच्या साच्यावर ठेवलेलं पान, कात्री, तंबाखूची चिमूट, बोटाला गुंडाळलेला दोरा. आणि तिने बघून होकार दिल्याशिवाय एकही फोटो मोबाइलवर चढवायचा नाही, हे तिला आधीच सांगा. त्या बैठकीत एखाद्या पुरुष फोटोग्राफरला बसायला मिळायला वर्ष लागेल, तुम्हाला चहाचा कप धरून बसायचंय. या बायकांचे जे फोटो बाहेर दिसतात त्यांत बहुतेकदा त्या बिचाऱ्या दिसतात. तुम्ही तिथे वाढलात, तुम्हाला माहीत आहे की त्या दुपारी किती हसतात.

पहाटेच्या तळ्याबद्दल. तुमचा आणि त्या दुसऱ्याचा फोटो ओळखू आला नाही याचं कारण साधं आहे. दोघं एकाच कट्ट्यावर, एकाच वेळी, एकाच १८ एमएमवर उभे होता, आणि दोघांनी मंदिर मधोमध ठेवून खाली प्रतिबिंब घेतलं. त्यात वाईट काही नाही, हात बसायला तो धडा ठीक आहे. तुम्ही तो पुरा केलात. सोनेरी उजेडाची वाट बघत बसणं आता सोडा. सोलापूर ज्या अक्षांशावर आहे तिथे सूर्य वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या अगदी सुरुवातीला, भर दुपारी नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. त्या दिवसांत डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतात, टकलं चमकतात, म्हणून सगळे कॅमेरे घरात. पण आपलं गाव तर उन्हाचंच. दुकानांच्या पत्र्याखाली, पडद्याआड, कमानीत लोक कसे सरकत जातात ते बघा. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवरून उसळलेला उजेड समोरच्या सावलीतल्या चेहऱ्यावर पडतो, तो शोधत हिंडा. कडक उन्हात कॅमेऱ्याचं न ऐकता मोजायची जुनी रीतही पाठ करून ठेवा: एफ/१६, आयएसओ १००, शटर साधारण १/१००.

जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेला जालच. तिथे तुमची गाठ पांढऱ्या रंगाशी आहे. नंदीध्वजांच्या, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांच्या, मिरवणुकीत शेकडो बाराबंद्या (पांढरे अंगरखे) एकत्र आल्या की कॅमेरा गोंधळतो. समोरचं सगळं सरासरी करड्या रंगाचं आहे असं धरून तो उजेड कमी करतो आणि शुभ्र कपडे मळकट येतात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो किती उजळ हवा ते कॅमेऱ्याला सांगायची सोय, अधिक एकवर न्या, शुभ्र दिसू लागतील. काळी घोंगडी, काळी जमीन आली की उलट, थोडं उणे. अक्षता सोहळ्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाला, संमती कट्ट्याजवळ हातभर जागेसाठी धक्काबुक्की करू नका, तो फोटो दरवर्षी सगळ्यांकडे असतो. त्याऐवजी आदल्या दिवसांत जिथे काठ्या सजतात तिथे जा, किंवा मिरवणुकीच्या वाटेवर एखाद्या अरुंद वळणावर ओळखीच्यांच्या ओट्यावर तळ ठोका. सात नंदीध्वज एकामागून एक तुमच्यासमोरून जाणार आहेत. पहिल्या दोनांवर चुका करा. काठीच्या शेंड्याकडे सगळ्यांच्या माना वर असतात, तेव्हा काठी पेलणाऱ्याच्या कमरेकडे, हातांकडे आणि आता आपली पाळी येणार म्हणून शेजारी चालणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघा.

निवडीबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण तुमचा अर्धा प्रश्न तिथेच सुटेल. काढलेला फोटो त्याच रात्री चढवायची सवय मोडा. महिनाभर साठू द्या. महिन्याच्या शेवटी बसून दहाच ठेवा, त्यांच्या छोट्या प्रिंट काढा आणि फरशीवर मांडा. दोन फोटो एकच गोष्ट सांगत असतील तर एक उचला. काढताना फार कष्ट पडले म्हणून एखादा फोटो ठेवावासा वाटतो, तो आधी उचला. चार महिन्यांनी तुमच्याकडे चाळीस प्रिंट असतील. त्या सगळ्या पुन्हा एकत्र मांडा आणि नको असलेल्या बाजूला करा. उरलेल्यांत तुम्हाला एक खोड दिसेल: तुम्ही नेहमी डावीकडून काढता, किंवा चेहऱ्यांपेक्षा हात जास्त आहेत, किंवा कुणी हसतच नाहीये. ती खोड वाईट की चांगली हे लगेच ठरवू नका. लाइक्सवरून यातलं काहीही कळत नाही.

पुण्याच्या कोर्सचं थोडक्यात: आत्ता नको, नोकरी तर मुळीच सोडू नका. वर्षभराने हातात पंचवीस प्रिंट घेऊन गेलात तर शिकवणारा तुमच्याशी वेगळं बोलेल. मधल्या काळात ज्यांच्याकडून कॅमेरा घेतलात त्या स्टुडिओवाल्यांबरोबर लग्नसराईत दोन-चार लग्नांना मदतनीस म्हणून जा. लग्नाच्या फोटोंना नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. पण फ्लॅशचा उजेड छतावरून उसळवून घेणं, चिडलेल्या वरमायला हसवणं आणि "एक मिनिट इकडे बघा" हे न लाजता म्हणणं, तिन्ही गोष्टी एका मांडवात शिकायला मिळतात, वर थोडे पैसेही.

पुढच्या पत्राबरोबर फोटो पाठवा, मोबाइलवरून नको, प्रिंटच पाठवा. मागे माणसाचं नाव, महिना आणि शटर किती होता ते पेन्सिलीने लिहा, बॉलपेनचा वळ पुढून उमटतो. आणि आईचा फोटो असेल तर पाकीट चिकटवायच्या आधी तिला दाखवा.